विमानाच्या कागदावरील सही

रस्त्यात मोटार बंद पडली तर ती कडेला ढकलून ठेवता येते. आगगाडीचे इंजिन बिघडले तर गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहते, उतारू कुरकुर करतात आणि तासा-दोन तासांनी दुसरे इंजिन येते. विमानाचे तसे नाही. ते एकदा वर गेले की त्याला कडेला उभे राहण्याची सोय नाही. म्हणून त्याची सगळी काळजी जमिनीवर, उड्डाणाच्या आधीच घ्यावी लागते. ही काळजी घेणारी जी माणसे, त्यांना काय शिकावे लागते आणि त्यांच्यावर कोणती जबाबदारी असते, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

विमानप्रवास म्हटला की आपल्याला वैमानिक आठवतो; फार तर हसतमुखाने नमस्कार करणाऱ्या परिचारिका आठवतात. परंतु विमानावर देखभालीचे कोणतेही काम झाले, मग ते एखादे चाक बदलण्याचे का असेना, की एका कागदावर एका माणसाची सही व्हावी लागते. ‘हे काम नियमाप्रमाणे झाले आहे, आणि या कामापुरते विमान उड्डाणास योग्य आहे,’ असा त्या सहीचा अर्थ. ती झाल्याशिवाय वैमानिक कितीही निष्णात असो, विमान जागचे हलता कामा नये. सही करणारा हा माणूस म्हणजे परवानाधारक विमान-देखभाल अभियंता. हँगरमध्ये त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ए.एम.ई. म्हणतात.

हा व्यवसाय विमानाइतकाच जुना आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी पहिले यंत्रचलित विमान उडवले हे शाळेतली मुलेही सांगतील. पण त्या विमानाचे इंजिन कोणी केले? राइट बंधूंच्या सायकलींच्या दुकानात चार्ल्स टेलर नावाचा एक कारागीर होता. बाजारात हवे तेवढे हलके इंजिन मिळेना, तेव्हा त्याने ॲल्युमिनियमचे ओतीव अंग घेऊन सुमारे सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिन हातांनी उभे केले. उडणारे दोघे अमर झाले. टेलरचे नाव त्या धंद्यातल्या लोकांपुरतेच उरले. २४ मे हा त्याचा जन्मदिवस अमेरिकेत विमानाच्या कारागिरांचा दिवस म्हणून पाळतात, एवढेच.

आता शिक्षणाकडे वळू. आपल्याकडे या परवान्याचा कारभार नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डी.जी.सी.ए., पाहते. १९३४ च्या जुन्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. परवान्याची आजची पद्धत युरोपातल्या पद्धतीच्या धर्तीवर बेतलेली आहे. पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित हे विषय घेऊन बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी या वाटेला लागू शकते.

परवान्याचे वर्ग आहेत. ‘ए’ वर्गाचा कारागीर ठरावीक, साधी कामे स्वतः करून त्यांवर सही करू शकतो. ‘बी-१’ वर्गाकडे विमानाचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विजेच्या यंत्रणा येतात. ‘बी-२’ वर्गाकडे विजेबरोबर इलेक्ट्रॉनिक उपकरणे, म्हणजे दिशादर्शन, संदेशवहन, स्वयंचलित नियंत्रण वगैरे येते. आणि ‘सी’ वर्गाचा अभियंता, विमान हँगरमध्ये आणून पुरते उघडून केलेल्या मोठ्या तपासणीनंतर, सगळ्यांच्या कामाचा मेळ घालून संपूर्ण विमानासाठी सही करतो. घरातल्या भाषेत बोलायचे तर नळवाला वेगळा, वायरमन वेगळा, आणि घर ताब्यात देताना सही करणारा इंजिनिअर वेगळा.

अभ्यासक्रमात गणित आणि पदार्थविज्ञान तर आहेच. शिवाय विजेची मूलतत्त्वे, विमानात वापरावयाचे धातू व इतर द्रव्ये, हत्यारे कशी धरावी आणि जोड कसे करावे, हवेत विमान का तरंगते, जेट इंजिन कसे चालते, कायदा काय सांगतो, हे सारे आहे. आणि ‘मानवी घटक’ नावाचा एक स्वतंत्र विषय आहे, त्याकडे मी पुढे येणार आहे. मान्यताप्राप्त संस्थेतला ‘बी’ वर्गाचा पाठ्यक्रम सुमारे २,४०० तासांचा असतो. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ प्रत्यक्ष हातांनी काम करण्यात जातो.

उत्तीर्ण व्हायला किती गुण लागतात? आमच्या महाविद्यालयात पस्तीस-चाळीस टक्क्यांवर मुलगा पेढे वाटतो. येथे प्रत्येक विषयात पंचाहत्तर टक्के मिळवावे लागतात. पंचाहत्तर म्हणजे सुद्धा चार प्रश्नांतला एक चुकला तरी चालेल, असा अर्थ झाला, नाही का? म्हणूनच नुसत्या परीक्षेवर कोणी विसंबत नाही. परीक्षेच्या जोडीला चालू सेवेतल्या खऱ्या विमानांवर वर्षांचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त पाठ्यक्रम केला असेल तर ‘बी’ वर्गासाठी आणखी दोन वर्षे, आणि असे कोणतेच शिक्षण झालेले नसेल तर पाच. त्या काळात केलेले प्रत्येक काम नोंदवहीत लिहावे लागते.

येथे पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. संस्थेचा पाठ्यक्रम पुरा केल्याचा दाखला म्हणजे परवाना नव्हे. परवाना डी.जी.सी.ए. देते. आणि परवाना हाती आला तरी काम संपत नाही. एअरबस ए-३२० ची ओळख असलेल्या अभियंत्याला बोइंग ७३७ वर सही करता येत नाही. प्रत्येक जातीच्या विमानाचे वेगळे शिक्षण घेऊन तशी नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. इतकेच काय, विमान तेच पण इंजिन दुसऱ्या बनावटीचे असेल तर तेही शिकावे लागते. त्यावर ज्या देखभाल-संस्थेत तो नोकरी करतो तिने त्याला लेखी अधिकार द्यावा लागतो. आणि हा अधिकार वापरता येण्यासाठी मागच्या दोन वर्षांत निदान सहा महिने तरी प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव असावा लागतो. म्हणजे परवाना सरकारचा, अधिकार कंपनीचा, आणि सहीची जबाबदारी मात्र त्याची स्वतःची. आपल्याकडे मुंबईत आणि नागपूरच्या मिहानमध्ये विमानांच्या देखभालीची मोठी केंद्रे आहेत. तेथे नोकरीची आशा धरणाऱ्या मुलाने ही सगळी वाट आधी नीट मोजावी.

बरे, तो दिवसभर, किंबहुना बहुधा रात्रभर, करतो काय? कारण विमाने दिवसा उडतात, तेव्हा त्यांची शुश्रूषा रात्री. दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात टायर, ब्रेक, तेल, पंख्यांची पाती, अंगावर कोठे टोचा-ओरखडा आहे का, हे पाहणे हे रोजचे काम. ठरावीक तासांनी वा दिवसांनी अधिक खोल तपासणी. आणि काही वर्षांनी एकदा विमान आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये ठेवून, आतल्या खुर्च्या, जमीन, आच्छादने काढून, हाडामांसापर्यंत पाहणी.

या प्रत्येक कामाला पुस्तक असते, आणि पुस्तक समोर ठेवूनच काम करावे लागते. ‘मला पाठ आहे’ हे उत्तर तेथे चालत नाही. आपल्याकडे मिस्त्रीची किंमत त्याच्या अंदाजावरून होते. डोळे मिटून कोणता नट कोठला हे जो सांगेल तो खरा मिस्त्री. विमानाच्या हँगरमध्ये हाच गुण दोष ठरू शकतो. साधा बोल्ट आवळायचा म्हटला तरी ‘जितका घट्ट तितका चांगला’ हा हिशेब येथे खोटा पडतो. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे जोड धरून राहतो. ताण कमी पडला तर तो सैल होतो. जास्त झाला तर त्याच्या पोटात चीर सुरू होते. म्हणून किती जोराने आवळायचे हे पुस्तकात आकड्यांत दिलेले असते, आणि तो जोर मोजणारा पाना वेगळा मिळतो. त्या पान्याचीही वेळोवेळी तपासणी होते. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असते. काम संपल्यावर एखादी आकृती रिकामी दिसली तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. न जाणो, ते इंजिनाच्या पोटात राहिले असेल! सुटा भाग बदलायचा तर त्याच्याबरोबर त्याच्या कुळाची कागदपत्रे लागतात. कागद नसेल तर भाग कितीही नवा चकचकीत दिसो, तो निरुपयोगी.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, हा निव्वळ कागदी घोड्यांचा कारभार झाला. तेव्हा एक हकीकत सांगतो.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक बी.ए.सी. वन-इलेव्हन जातीचे विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागा येथे निघाले. आत ८१ उतारू आणि ६ कर्मचारी. साधारण सतरा हजार फुटांवर असताना मुख्य वैमानिकासमोरची काच एकाएकी उडून गेली आणि आतल्या हवेच्या दाबाने तो वैमानिक कमरेपर्यंत बाहेर फेकला गेला. एका सेवकाने धावत जाऊन त्याचे पाय धरले. सुमारे वीस मिनिटे मुख्य वैमानिक अर्धा विमानाबाहेर अशा स्थितीत सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. सगळे वाचले, तो वैमानिकसुद्धा वाचला आणि पुढे कामावर रुजू झाला.

चौकशीत काय निघाले? ही काच उड्डाणापूर्वी सुमारे सत्तावीस तास आधी, रात्रपाळीत, नवी बसवली होती. ती नव्वद बोल्टांवर बसते. त्यांपैकी ८४ बोल्ट हव्या त्या जाडीपेक्षा बारीक होते. किती बारीक? ०.०२६ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण लांबीला कमी. काम करणारा कोणी शिकाऊ पोरगा नव्हता. त्या पाळीचा प्रमुखच होता, अनुभवी, चांगल्या लौकिकाचा. त्या रात्री माणसे कमी होती, म्हणून त्याने काम स्वतःकडे घेतले. जुना बोल्ट हातात घेऊन त्याच्याशी नवे बोल्ट नजरेने ताडून पाहिले. कोठाराच्या माणसाने योग्य क्रमांक सांगितलाही होता. परंतु पुरेसे बोल्ट तेथे नव्हते. तेव्हा हा दुसरीकडे, अपुऱ्या उजेडातल्या खणांतून, तसेच दिसणारे बोल्ट घेऊन आला. मौज अशी की, ज्या जुन्या बोल्टाशी त्याने ताडून पाहिले तोही मुळात चुकीचाच होता! पुस्तक उघडले असते तर क्रमांक तेथे छापलेला होता. बारीक बोल्ट फिरवताना आटे घसरत होते. तो खटका त्याला पुरेसा जोर लागल्याचा खटका वाटला. बोल्टांची डोकी खळग्यात जरा खोल गेली होती, पण काचेवर हात लांबवून, वाकड्या अंगाने काम करीत असल्यामुळे ते ध्यानात आले नाही. आणि काच बसवण्याचे काम ‘दुसऱ्याने तपासलेच पाहिजे’ अशा कामांच्या यादीत नव्हते. त्याने केले, त्यानेच पाहिले, त्यानेच सही केली.

या माणसाला नुसते हलगर्जी म्हणून मोकळे होता येईल काय? तो आळशी असता तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलून घरी गेला असता. कामाचा उरक, अनुभवावरचा विश्वास, विमान वेळेवर सोडण्याची तळमळ, हे एरवी ज्यांचे आपण कौतुक करतो तेच गुण त्या रात्री त्याला घेऊन बुडाले. म्हणूनच मघाशी म्हटलेला ‘मानवी घटक’ हा विषय आता अभ्यासक्रमात सक्तीचा आहे. माणूस थकतो, घाई करतो, मध्येच कोणी हाक मारली की कोठवर आलो ते विसरतो, ‘येथे असेच करतात’ म्हणून चुकीची रूढी पाळतो. कॅनडातील गॉर्डन ड्युपाँट यांनी १९९३ साली अशी चुकीची बारा कारणे मांडली. ती आज जगभरच्या हँगरांतून भिंतीवर लावलेली आढळतात. या विषयाचा रोख असा की, चांगला माणूसही चुकणार हे धरून चालावे आणि चूक आकाशात जाण्यापूर्वी पकडण्याची व्यवस्था करावी.

अशी एक व्यवस्था म्हणजे दुसऱ्याची तपासणी. विमानाचे सुकाणू किंवा तत्सम जिव्हाळ्याच्या भागांवर काम झाले की, ज्याने काम केले त्याच्याखेरीज दुसऱ्या अधिकारी माणसाने स्वतंत्रपणे ते पाहावे लागते. दुसरी व्यवस्था अशी की, एकाच माणसाने एकाच वेळी सगळ्या इंजिनांवर तेच काम होता होईतो करू नये. याचे मर्म १९८३ साली दिसून आले. त्या वर्षी ५ मे रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन इंजिनांचे विमान मायामीहून नासाउला निघाले. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांच्या तेलातला, धातूचे कण पकडणारा चुंबकी भाग बदलला होता. त्या भागाबरोबर रबरी कडी बसवायची असते. ती एकाही ठिकाणी बसवली गेली नाही. नवीन कडी बसवल्याच्या रकान्यात मात्र सही होती! वाटेत तिन्ही इंजिनांचे तेल गळून गेले. एक वैमानिकांनी बंद केले, दोन आपोआप बंद पडली. समुद्रावर काही वेळ विमान नुसते तरंगत खाली येत राहिले. अखेर आधी बंद केलेले इंजिन पुन्हा चालू झाले आणि विमान मायामीला परतले. १७२ जीव वाचले. तीन इंजिने असतात ती एक गेले तर दोन राहावीत म्हणून. पण एकच चूक तिन्हींकडे केली तर तीनची किंमत एकच उरते.

या दोन्ही हकीकती सुखान्त आहेत. सगळ्याच तशा नसतात. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ डोंगरावर कोसळून ५२० माणसे गेली, फक्त चार वाचली. त्याचे मूळ सात वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत होते. १९७८ मध्ये उतरताना त्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. मागच्या बाजूची, हवेचा दाब पेलणारी भिंत बोइंगच्या माणसांनी दुरुस्त केली. तेथे सलग एक जोडपट्टी लावायची होती. प्रत्यक्षात ती दोन तुकड्यांत लागली, आणि जो भार रिव्हेटांच्या दोन ओळींनी वाहावयाचा तो एका ओळीवर आला. त्यानंतर ते विमान बारा हजारांहून अधिक वेळा उडाले. प्रत्येक वेळी चीर थोडी पुढे सरकत गेली. सही करणारा माणूस घरी गेला तरी त्याची सही विमानाबरोबर उडत राहते, ती अशी.

आता या जबाबदारीची सर्वांत अवघड बाजू. पाना चालवणे शिकवता येते. ‘नाही’ म्हणणे शिकवणे कठीण. पहाटेची वेळ आहे, दीडशे उतारू दारात बसले आहेत, वरिष्ठांचे फोन येत आहेत, आणि एका दिव्याने सांगितले आहे की अमुक यंत्रणा बरोबर नाही. काही बिघाड असे असतात की ते ठेवून विमान उडवता येते. त्यांची मान्य केलेली यादी असते आणि तो बिघाड तीन दिवसांत की दहा दिवसांत दुरुस्त करावयाचा याची मुदतही ठरलेली असते. बिघाड त्या यादीत बसत असेल तर अभियंता तशी नोंद करून विमान सोडतो. त्यात भित्रेपणा करण्याचे कारण नाही. विनाकारण विमान अडवणे हीही वाईट कारागिरीच. पण बसत नसेल तर? तर कोणीही कितीही दटावो, त्याने सही करावयाची नाही. त्याच्या हातून सक्तीने सही घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. दुसऱ्या कोणाला वाटत असेल की विमान ठीक आहे, तर त्याने आपल्या परवान्यावर, आपल्या नावाने सही करावी. अशा वेळी परवान्याच्या त्या पुस्तिकेचा खरा उपयोग कळतो. तिने त्या माणसाला विमान सोडण्याचा अधिकार दिला आहे, तसा न सोडण्याचाही दिला आहे. आणि दुसरा अधिकार वापरता येत नसेल तर पहिल्याला काही किंमत नाही.

अर्थात हे म्हणणे सोपे आहे. नकार देणाऱ्याच्या पाठीशी त्याची संस्था उभी राहिली पाहिजे, आणि ‘माझ्या हातून काल एक वॉशर राहिला असावा’ असे आपण होऊन सांगणाऱ्याला लगेच सुळावर चढवता कामा नये. नाहीतर उद्या कोणी सांगणार नाही, आणि राहिलेला वॉशर आकाशात जाईल. जाणूनबुजून नियम मोडणारा वेगळा आणि प्रामाणिकपणे चुकलेला वेगळा, हा विवेक जेथे आहे तेथेच चुका उजेडात येतात.

शेवटी आपल्यासारख्या प्रवाशांविषयी. ‘तांत्रिक कारणामुळे विमानास विलंब होत आहे’ अशी घोषणा झाली की आपण घड्याळ पाहतो, चिडतो, खिडकीवरच्या मुलीशी हुज्जत घालतो. विलंबाची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक वेळी कंपनी निर्दोष असते असे मी म्हणणार नाही. पण त्यांतल्या काही वेळा तरी तेथे खाली, पंखाच्या सावलीत, हातात विजेरी घेतलेल्या एका माणसाने पुस्तकाचे पान पुन्हा एकदा उघडलेले असते, आणि सही अजून केलेली नसते. ते पान वाचून होईपर्यंत आपण थांबावे, हेच बरे.